सुट्टीतली भाषा आणि यजमानाचा वेळ

परकी भाषा शिकण्यासाठी सुट्टीच्या दिवसांत ती बोलणाऱ्या मुलखात जाऊन राहण्याची रीत युरोपात आता इतकी रुळली आहे, की तिच्याभोवती शाळा, दलाल, यजमान कुटुंबे आणि सरकारी अनुदाने यांचा एक स्वतंत्र व्यवहार उभा राहिला आहे. इटालियनसाठी पेरुजा, स्पॅनिशसाठी सालामांका, आणि १९६४ पर्यंत ब्रिटिशांच्या ताब्यात असल्यामुळे इंग्रजी टिकून राहिलेले, वर समुद्र आणि ऊनही देणारे माल्टा, ही त्यातली काही परिचित ठिकाणे होत. या व्यवहाराच्या मुळाशी एक समजूत आहे: भाषा त्या मुलखाच्या हवेतच असते आणि माणूस तिथे काही आठवडे वावरला की ती आपोआप अंगात मुरते. प्रस्तुत व्याख्यानाचा रोख या समजुतीवर आहे. ती तपासण्यासाठी पॅरिस किंवा बर्लिन यांसारखे मोठे शहर निवडण्याऐवजी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळचे, आज निर्मनुष्य असलेले ग्रेट ब्लास्केट हे बेट निवडले आहे; कारण तिथे शिकणारे मोजके होते, शिकवणारे त्याहून मोजके होते आणि दोघांनीही लिहून ठेवले आहे.

त्याआधी एका अभ्यासाची नोंद घेणे आवश्यक आहे. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई यांनी २००४ साली फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या तीन गटांची तुलना प्रसिद्ध केली. पहिला गट आपल्याच महाविद्यालयात नेहमीच्या तासांना बसत होता, दुसरा एक सत्र फ्रान्समध्ये राहिला होता आणि तिसरा अमेरिकेतच उन्हाळ्यात ‘निमज्जन’ पद्धतीच्या वर्गात होता. निमज्जन म्हणजे जेवताना, खेळताना, भांडतानासुद्धा शिकायच्या भाषेखेरीज दुसरी भाषा वापरायची नाही, असे बंधन घालून घेणे. व्हरमॉन्टमधील मिडलबरी महाविद्यालयात १९१५ पासून चालत आलेल्या उन्हाळी भाषाशाळांमध्ये विद्यार्थ्यांकडून तशी लेखी प्रतिज्ञाच घेतली जाते. या अभ्यासात बोलण्याच्या ओघाच्या बाबतीत सर्वाधिक प्रगती निमज्जन गटाची दिसली, म्हणजे समुद्र न ओलांडलेल्यांची. याचे कारण विद्यार्थ्यांनीच भरून दिलेल्या माहितीत होते: वर्गाबाहेर फ्रेंच वापरण्याचे त्यांचे तास बरेच अधिक होते, तर फ्रान्समध्ये गेलेले विद्यार्थी वर्गाबाहेर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच जास्त बोलत होते. विद्यार्थ्यांची संख्या फार नव्हती, त्यामुळे या निष्कर्षाचा नियम करणे योग्य ठरणार नाही. तरीही भाषा येण्यासाठी मुलूख बदलणे पुरेसे नाही, त्या मुलखातल्या कोणीतरी शिकणाऱ्याशी तासन्‌तास बोलले पाहिजे, एवढे त्यातून निश्चित दिसते. मग प्रश्न उरतो, असे बोलणारे कोण असते आणि ते का बोलते.

ग्रेट ब्लास्केट हे केरी परगण्यातील डिंगल द्वीपकल्पासमोरचे बेट असून किनाऱ्यावरच्या डनक्विन गावातून ते स्पष्ट दिसते. मात्र मधली सामुद्रधुनी खवळली की संपर्क दिवसच्या दिवस तुटे. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून वरून डांबर दिलेली नेव्होग नावाची हलकी होडी हेच येण्याजाण्याचे साधन होते. लोकवस्ती भरभराटीच्या काळातही पावणेदोनशेच्या आसपासच राहिली. मासेमारी, थोडी बटाट्याची शेती, मेंढ्या आणि जळणासाठी खणून काढलेली दलदलीतली माती यांवर गुजराण चाले. दुकान नव्हते, डॉक्टर नव्हता, चर्चही नव्हते. शाळा होती, पण ती ब्रिटिश सरकारच्या व्यवस्थेतली आणि इंग्रजी वाचायला शिकवणारी. घरात व होडीत जी आयरिश भाषा चाले, तिच्यात लिहिण्यावाचण्याची सोय बेटावर कोणालाच नव्हती.

या बेटावर १९०७ साली कार्ल मार्स्ट्रान्डर हा नॉर्वेचा तरुण भाषाशास्त्रज्ञ आला. सेल्टिक, म्हणजे आयरिश, वेल्श, ब्रेटन इत्यादी भाषांच्या कुळाचा अभ्यास त्या काळी जर्मनी व स्कँडिनेव्हियात जोरात होता, पण तो जुन्या हस्तलिखितांच्या आधारे. जिवंत आयरिश कानाने ऐकलेले विद्वान थोडेच होते. मार्स्ट्रान्डर आधी मुख्य भूमीवरच्या गावात उतरला, तिथल्या बोलण्यात इंग्रजीची भेसळ फार आहे असे त्याला वाटले आणि तो बेटाकडे वळला. बेटावर टपाल आणणारा आणि ‘राजा’ हे मानाचे नाव मिरवणारा जो प्रमुख होता, त्याच्या घरी त्याने मुक्काम केला आणि चांगला शिक्षक कोण, असे विचारले. राजाने नाव सुचवले टोमास ओ क्रिहिन याचे. टोमास तेव्हा पन्नाशी ओलांडलेला, मुलाबाळांचा मासेमार होता.

शिक्षकाची गरज का पडावी, हे समजण्यासाठी आयरिश व्याकरणातील एक वैशिष्ट्य पाहावे लागते. मराठीत नामाला विभक्ती लागताना त्याचे शेवटचे अक्षर बदलते. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते, पण आरंभीचा ‘घ’ जागचा हलत नाही, त्यामुळे ऐकलेला शब्द शब्दकोशात सापडतो. आयरिशमध्ये मागच्या शब्दाप्रमाणे पुढच्या शब्दाचे पहिलेच व्यंजन पालटते. होडीला ‘बाड’ म्हणतात. ‘माझी होडी’ म्हणताना ‘मो वाड’ होते आणि ‘आमची होडी’ म्हणताना ‘आर माड’. किनाऱ्यावर ‘वाड’ किंवा ‘माड’ असा उच्चार ऐकलेला नवखा माणूस कोशात ‘व’ अथवा ‘म’ या अक्षराखाली शोधू लागला, तर त्याला काहीच हाती लागत नाही. शिवाय आयरिशचे शुद्धलेखन उच्चारापासून दूर गेलेले असल्याने ऐकलेला ध्वनी कागदावर कसा दिसेल, याचाही अंदाज बांधता येत नाही. अशा भाषेत नुसते कानावर पडणे फारसे उपयोगी ठरत नाही. आताच काय म्हटलेत, पुन्हा म्हणा, सावकाश म्हणा, असे दहादा विचारता येईल आणि विचारल्यावर जो वैतागणार नाही, असा माणूस लागतो.

टोमास असा माणूस होता. त्याच्या आत्मकथनातून या शिकवणीची रूपरेषा कळते. मार्स्ट्रान्डर बेटावर पाच महिने राहिला आणि त्यातला बराच काळ दोघांची दिवसातून एक बैठक दोन-तीन तास चाले. परतण्याचे दिवस जवळ आले तेव्हा विद्यार्थ्याने दिवसाला दोन बैठकी मागितल्या आणि दिवसभर समुद्रावर राहणाऱ्या शिक्षकाने त्याही दिल्या. समोर एक छापील पुस्तकही असे. टोमासला ते वाचता येत होते, ही गोष्ट त्याच्या पिढीत असामान्य होती. वादळामुळे डनक्विनला अडकून पडल्यावर नातेवाइकांच्या घरातील शाळकरी मुलांच्या आयरिश पुस्तकांवरून, प्रौढ वयात, तो ते शिकला होता. म्हणजे ज्याच्याकडे परदेशी विद्वान भाषा शिकायला आला, तोही त्या भाषेच्या लेखनात नुकताच पाय रोवू लागलेला विद्यार्थीच होता. मायदेशी परतल्यावर मार्स्ट्रान्डरने कागद पाठवले आणि जमिनीवरचे प्राणी, आकाशातले पक्षी, समुद्रातले मासे आणि उगवणाऱ्या वनस्पती यांची नावे लिहून पाठवण्याची विनंती केली. कोणाच्याही मदतीशिवाय, आपल्याच पद्धतीने अक्षरे जुळवत टोमासने ती लिहिली. होडी, जाळे आणि फावडे हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे लिहिणे अशा रीतीने एका विद्यार्थ्याच्या मागणीतून वाढीला लागले.

इथून पुढचा इतिहास साखळीसारखा आहे. मार्स्ट्रान्डर काही काळ डब्लिनमधील ‘स्कूल ऑफ आयरिश लर्निंग’ या संस्थेत शिकवत होता. कुनो मायर या जर्मन विद्वानाने ती १९०३ साली काढली होती. तिथे त्याच्याकडे शिकलेला, ब्रिटिश म्युझियममध्ये हस्तलिखितांचे काम करणारा रॉबिन फ्लॉवर १९१० साली बेटावर गेला आणि पुढे अनेक उन्हाळ्यांत बायकामुलांसह तिथे जात राहिला. सुट्टी आणि अभ्यास यांची सरमिसळ जशी फ्लॉवरच्या बाबतीत दिसते, तशी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत क्वचितच दिसावी: वर्षभर लंडनच्या तळघरातील आयरिश पोथ्यांची वर्णनात्मक सूची करायची आणि उन्हाळ्यात त्याच भाषेतल्या गोष्टी बटाटे काढणाऱ्यांच्या तोंडून ऐकायच्या. १९४६ साली त्याचे निधन झाल्यावर त्याची रक्षा या बेटावरच विखुरण्यात आली.

१९१७ साली किलार्नीहून ब्रायन ओ केली आला, तोही आपले आयरिश सुधारण्यासाठी. टोमासला लिहिता येते हे पाहून त्याने त्याला रोजनिशी लिहिण्याची गळ घातली आणि मासेमाराच्या आयुष्यात लिहिण्याजोगे काय आहे, या शंकेला उत्तर म्हणून पिएर लोती आणि मक्सिम गॉर्की यांचे लेखन त्याला वाचून दाखवले. ब्रेटन कोळ्यांची कथा आणि रशियातील गरीब घरातले बालपण ऐकून आपल्याही जगण्याचे पुस्तक होऊ शकते, हे टोमासला पटले. रोजनिशी १९२८ मध्ये आणि ‘अन टिलानख’ हे आत्मकथन १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. फ्लॉवरने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. लोती आणि गॉर्की या दोन नावांचा उल्लेख करताना समीक्षक बहुधा वाङ्मयीन प्रभावाची चर्चा करतात, पण त्या वाचनाला बसलेल्या दोन माणसांपैकी एक सुट्टीवर होता आणि दुसरा दिवसाची मेहनत आटोपून बसला होता, याकडे त्यांचे लक्ष जात नाही.

जॉर्ज थॉमसनचे उदाहरण आणखी वेगळे आहे. केंब्रिजमध्ये ग्रीक शिकणारा हा वीस वर्षांचा तरुण १९२३ साली बेटावर आला आणि त्याची गट्टी जमली ती समवयस्क मुरिश ओ सूलेवानशी. इथे वही-पुस्तकाची शिकवणी नव्हती. डोंगरावर भटकायचे, सशांच्या मागे जायचे, रात्री नाचगाण्याला बसायचे आणि सतत बोलत राहायचे. अमेरिकेला निघालेल्या मुरिशचे मन थॉमसनने वळवले, तो आयर्लंडच्या पोलीस दलात भरती झाला आणि थॉमसनच्याच आग्रहावरून त्याने लिहिलेले बालपणाचे पुस्तक १९३३ साली आयरिशमध्ये आणि त्याच वर्षी इंग्रजी अनुवादात निघाले, अनुवादाला ई. एम. फॉर्स्टरची प्रस्तावना होती. थॉमसनची स्वतःची प्रगती किती झाली, याचा पुरावा असा की १९३१ पासून काही वर्षे त्याने गॉलवेच्या विद्यापीठात ग्रीक हा विषय आयरिश माध्यमातून शिकवला. लिहिण्यापेक्षा बोलण्यावर पोसलेला समाज त्याने बेटावर पाहिला होता आणि होमरच्या काव्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी त्या अनुभवाने घडली, हे त्याच्या पुढील लेखनावरून स्पष्ट होते. ग्रीक पंडिताला होमर समजण्यासाठी अथेन्सऐवजी केरीतल्या मासेमारांकडे जावे लागले, ही गोष्ट मौखिक परंपरांची जाण असलेल्या मराठी वाचकाला नवलाची वाटू नये.

पेग सेअर्स ही बेटावरची सर्वांत नामांकित कथनकार. तिला आयरिश लिहिता येत नव्हते. तिने आपले आत्मकथन मुलाला सांगितले, त्याने उतरवले आणि डब्लिनहून बेटावर येणाऱ्या माइरे नी हिनेजे या भाषाप्रेमी स्त्रीने संपादून ते १९३६ साली प्रसिद्ध केले. पुढे ते शाळांत सक्तीचे झाले आणि दुःखाची लांबलचक कहाणी परीक्षेसाठी वाचावी लागलेल्या कित्येक पिढ्यांनी त्या बिचाऱ्या बाईला मनापासून शिव्या दिल्या. समोर बसलेल्या माणसाला सांगितलेले बोलणे परीक्षेच्या पुस्तकात बसवले की त्याची अशी गत होण्याचा संभव फार असतो.

एवढ्या लहान वस्तीतून इतके ग्रंथ निघाले, याचे श्रेय बेटाच्या एकाकीपणाला देण्याची प्रथा आहे. ते अर्धेच खरे म्हणावे लागेल. तितकीच एकाकी आणि तितकीच आयरिश बोलणारी बेटे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणखी होती. ब्लास्केटला मिळालेली जादा गोष्ट म्हणजे भाषा न येणारे, पण ती येण्यासाठी आतुर असलेले श्रोते. जाणकार श्रोत्याला पुष्कळ गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. नवख्याला होडी कशी बांधतात, लग्न कसे ठरते, मेलेल्याजवळ रात्र कशी जागवतात, हे पहिल्यापासून सांगावे लागते, आणि पहिल्यापासून सांगण्याची ही सवय हेच या पुस्तकांचे गद्य घडवणारे बळ आहे. शिकणाऱ्याची अडचण शिकवणाऱ्याची शैली झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

तथापि या व्यवहारात एक विसंगती होती आणि ती झाकणे योग्य नाही. येणाऱ्यांना भेसळ नसलेली भाषा हवी होती. बेटावरच्या तरुणांना हवे होते ते इंग्रजी. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरात बेटावरचे इतके लोक जाऊन वसले होते, की निघणाऱ्या मुलामुलीला तिथे सोबतीची कमतरता नव्हती, आणि तिथे रोजगार मिळवायचा तर इंग्रजीवाचून चालत नव्हते. ज्या भाषेसाठी परदेशी पंडित होडीतून येत, तिच्या बळावर बेटावरच्या माणसाला शिलिंगभर मजुरीही मिळत नव्हती. तरुण गेले, म्हातारे उरले, आजाऱ्याला वेळेवर मदत पोचेना, आणि नोव्हेंबर १९५३ मध्ये आयरिश सरकारने उरलेल्या मोजक्या लोकांना मुख्य भूमीवर हलवले. विद्वानांच्या सुट्ट्यांनी भाषेचे दस्तऐवज घडले, पण वस्ती टिकली नाही. आणि ती टिकवणे त्यांच्या हातात होते, असे मानणेही अन्यायाचे होईल.

मराठीच्या संदर्भात असा विचार करायचा, तर फलटणचे उदाहरण समोर येते. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन भाषाभ्यासक १९६६ साली मराठी बोलीतील सामाजिक भेदांचा अभ्यास करण्यासाठी फलटणला आल्या, म्हणजे कोणत्या थरातील माणूस कोणते रूप वापरतो, याचा अभ्यास करण्यासाठी. त्या तिथेच राहिल्या, भारतीय नागरिक झाल्या आणि जाई निंबकर यांच्यासह त्यांनी परकीयांना मराठी शिकवण्यासाठी अभ्यासक्रमाची पुस्तके तयार केली; पुढे कमला निंबकर बालभवन ही शाळा काढून त्या फलटणच्याच मुलांना मराठी वाचायला शिकवू लागल्या. शिकायला आलेली व्यक्ती यजमानांच्या मुलांची शिक्षिका व्हावी, हे ब्लास्केटवर घडले नव्हते. मात्र ही सुट्टीतली गोष्ट नव्हे, आयुष्याची होती, आणि तो फरक पुसून टाकू नये.

अल्प मुदतीसाठी येणाऱ्यांची सोय पुण्यात आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था तिथे उन्हाळी आणि वर्षभराचे मराठी वर्ग चालवते. वर्गाबाहेर मात्र या विद्यार्थ्यांपुढे जी अडचण उभी राहते, ती व्याकरणाची नसते. गोऱ्या माणसाने मंडईत शुद्ध मराठीत ‘मेथीची जुडी कशी दिली’ असे विचारावे आणि विक्रेत्याने हिंदीत भाव सांगावा, हा प्रकार पुणेकरांना नवा नाही. यात सौजन्य आहे, घाईही आहे. पण या सौजन्यामुळे शिकणाऱ्याचा तो प्रसंग वाया जातो. घरमालकीणबाई भाजी निवडता निवडता अर्धा तास बोलतात, शेपू आणि राजगिरा यांतला फरक दाखवतात, ‘निवडून घे’ आणि ‘निवडून ये’ यांतली गल्लत झाली की हसून दुरुस्त करतात, तेव्हा खरा तास भरतो, आणि त्याचे शुल्क कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. जर्मन किंवा जपानी शिकून त्या देशांत जाणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्यांचा अनुभव याच्या उलट बाजूने तोच आहे: समोरच्याला इंग्रजी येत असेल आणि तो घाईत असेल, तर शिकलेले जर्मन तोंडातच राहते.

आयर्लंडने यजमानाचा हा वेळ उघडपणे मोजण्याची व्यवस्था केली, हे त्या देशाचे वेगळेपण. गेलिक लीग ही भाषासंवर्धक संस्था १८९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या चळवळीतून १९०४ साली कॉर्क परगण्यात पहिले उन्हाळी महाविद्यालय निघाले, ते शिक्षकांना आयरिश शिकवण्यासाठी. पुढे ही महाविद्यालये मुलांसाठी झाली. आज इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली हजारो मुले उन्हाळ्यात बहुधा तीन आठवडे ‘गेलटाख्त’मध्ये, म्हणजे जिथे आयरिश ही लोकव्यवहाराची भाषा आहे अशा सरकारमान्य प्रदेशात, एखाद्या घरी राहतात. त्या घराच्या गृहिणीला ‘बॅन अन टी’ म्हणतात. तिने विद्यार्थ्यांशी आयरिशमध्येच बोलावे अशी अट असते आणि सरकार तिला विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम देते. इंग्रजी बोलताना सापडलेल्या मुलाला घरी परत पाठवण्याचा नियम या महाविद्यालयांच्या बाबतीत कुप्रसिद्ध आहे. मिडलबरीच्या प्रतिज्ञेचेच हे कडक रूप. प्रौढांसाठीही सोय आहे. डोनेगलमधील ग्लेनकोलमकिल या खेड्यात १९८४ पासून ‘ओडस गेल’ ही संस्था सुट्टीतले वर्ग चालवते आणि तिथे आयरिश लोकांबरोबर परदेशी विद्यार्थीही येतात. दुपारनंतर डोंगर चढणे, विणकाम किंवा बासरीवादन हेही त्याच भाषेतून शिकवले जाते, कारण हाताला काम असले की जिभेचा संकोच कमी होतो, हा तिथल्या मंडळींचा अनुभव आहे.

ही सारी रचना किती थोड्या माणसांवर उभी आहे, हे २०२० आणि २०२१ या वर्षांत दिसून आले. कोरोनाच्या साथीमुळे त्या दोन्ही उन्हाळ्यांत विद्यार्थ्यांचा निवास बंद राहिला, यजमान घरांचे उत्पन्न बुडाले आणि सरकारला त्यांच्यासाठी साहाय्य द्यावे लागले. वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा इमारती होत्या, शिक्षक होते, पालकांचे अर्जही होते. पण वय झालेल्या काही गृहिणींनी पुन्हा दहा-बारा मुलांचा स्वयंपाक आणि त्यांच्याशी दिवसभर बोलण्याचे काम अंगावर घेतले नाही, आणि त्यांच्या जागी येऊ शकणाऱ्या तरुण जोडप्यांना त्याच गावांत घर परवडणे अवघड झाले होते, कारण समुद्र दिसणारी घरे सुट्टीपुरती येणाऱ्यांनी विकत घेतली होती.